शिवेचा साक्षीदार

जुन्या काळी दोन गावांमध्ये शिवेचा तंटा उभा राहिला की पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरापेक्षा एका माणसाच्या शब्दाला अधिक मोल येत असे. तो माणूस म्हणजे गावचा महार. बांध कोठून वळतो, ओढ्याकाठचा दगड कोणत्या गावचा, तो कोणी आणि केव्हा सरकवला, हे सारे त्याला मुखोद्गत असे. वादाच्या वेळी तो पुढे चाले, त्याच्या मागून दोन्ही गावे चालत आणि त्याची पावले जेथून गेली ती शीव ठरे. ज्याच्या साक्षीने गावाची हद्द ठरत होती, त्याचे घर मात्र गावाच्या वस्तीबाहेर होते. त्याच्या शब्दावर विश्वास होता. त्याच्या सावलीवर नव्हता.

मुळा-मुठेच्या काठची मांजरी ही अशाच गावगाड्यातून घडलेली. ऊस आणि द्राक्षे यांच्या बळावर तिने नाव मिळविले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दोन्ही संस्था याच मातीत उभ्या आहेत. गेल्या दोन-अडीच दशकांत शेताचे प्लॉट झाले, प्लॉटवर इमारती आल्या आणि जून २०२१च्या अखेरीस मांजरी बुद्रुकसह २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. शीव कागदावरूनही पुसली गेली. आता येथे हद्दीची साक्ष मोजणी खात्याचे यंत्र देते.

पण पुसलेली शीव कधी कधी अनपेक्षितपणे पुन्हा वर येते. मांजरीला लागूनच असलेल्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचे प्रकरण २०२५ मध्ये राज्यभर गाजले. त्या व्यवहाराची कायदेशीर बाजू तपासयंत्रणा आणि न्यायालये पाहतील. येथे तो विषय नाही. विषय हा की त्या दिवसांत दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या पुण्यातील अनेक सुशिक्षित कुटुंबांत एकच प्रश्न विचारला गेला असेल : महार वतन म्हणजे नेमके काय? ज्या जमिनींवर आपले संकुल उभे आहे त्यांचा पूर्वेतिहास मुलांना सांगावयाचा तर तो मोठ्यांनाच ठाऊक नाही, ही खरी अडचण आहे.

वतन या शब्दात मराठी माणसाला मान दिसतो. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्णी वतन ही प्रतिष्ठेची पदे होती. महारकी हेही वतनच. परंतु त्या वतनाचा धनी गावाचा निरोप्या होता, रखवालदार होता, सारा तालुक्याला पोहोचविणारा होता, मेलेले जनावर ओढणारा होता आणि सरकारी अंमलदार गावात आला तर त्याच्या घोड्यापुढे धावणाराही तोच होता. मोबदला म्हणजे जमिनीचा एक तुकडा, बलुते आणि दारोदारची भाकरी. इंग्रजी राजवटीने १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही चौकट मोडली नाही, उलट ती कायद्याच्या भाषेत बांधून ठेवली. घरातील एका माणसाकडे वतनाचे काम असले तरी राबणे साऱ्या घराला चुकत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीतून माणसाला सोडविण्यासाठी. ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. समाजातील काही जुन्या मंडळींचा वतनावर जीव होता, कारण काही झाले तरी ते ‘वतन’ होते. बाबासाहेबांना हा मोह कळत होता आणि म्हणूनच तो तोडण्याचा त्यांचा आग्रह होता. अभिमान आणि गुलामी एकाच सनदेत लिहिलेली असली, तर अभिमानासाठी गुलामी सांभाळावी लागते.

या सनदेबाहेर पडण्याचा एक दरवाजा होता. तो म्हणजे फौज.

शस्त्र ही या समाजाला नवी गोष्ट नव्हती. शिवकाळात गडांच्या घेऱ्यातील चौक्या-पहाऱ्यांवर रामोशी, महार, मांग यांच्या नेमणुका असत. पेशवाईत १७९५ च्या खर्ड्याच्या स्वारीत शिदनाक महाराने परशुरामभाऊ पटवर्धनांचे प्राण वाचविल्याची कथा सांगितली जाते. त्याचा तंबू इतरांच्या तंबूंत नको अशी कुरबुर झाली, तेव्हा ही जेवणाची पंगत नव्हे, तलवारीची आहे, असे उत्तर पेशव्यांच्या दरबारातील जाणत्याने दिले, असे ती कथा सांगते. कथेतील तपशील इतिहासकारांनी तपासावेत. पण ती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांनी तिच्यातून काय जपले, हे स्पष्ट आहे. पंगतीत जागा नव्हती, पण रणांगणावर जागा होती आणि ती कोणी मेहेरबानीने दिलेली नव्हती.

पुढे कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने भरती झाले. पलटणीत पगार होता, गणवेश होता, निवृत्तिवेतन होते आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे लष्करी शाळा होती. गावातील शाळेच्या ओट्यावरही ज्यांच्या मुलांना बसू दिले जात नव्हते, त्यांच्या घरांत दोन पिढ्यांत लिहिणारे-वाचणारे स्त्री-पुरुष तयार झाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. आणि त्याच दशकाच्या आरंभी, १८९२-९३ च्या सुमारास, महारांची लष्करभरती सरकारने बंद केली.

का बंद केली? शौर्य कमी पडले म्हणून नव्हे. लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती असताना ‘लढाऊ जमाती’ या कल्पनेने सैन्याचा ताबा घेतला होता. काही वंश रक्तानेच शूर, काही रक्तानेच भ्याड, असा हा हिशेब. उत्तरेकडील गोरी, उंच माणसे लढाऊ आणि दक्षिणेकडील काळीसावळी माणसे दुय्यम. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाच्या रुंदीवरून माणसाची सामाजिक पायरी सांगता येते, इतपत मजल मारली. गोऱ्या राज्यकर्त्यांची ही वंशविद्या शास्त्राच्या वेषात आली आणि तिने एका समाजाच्या हातातील बंदूक काढून घेऊन पुन्हा झाडू आणि घुंगरकाठी दिली.

परंतु सारा दोष रॉबर्ट्स आणि रिस्ले यांच्या पदरात टाकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. जातवार पलटणी आणि तुकड्या उभारण्याचे धोरण पुढे आले, तेव्हा अस्पृश्य अंमलदाराच्या हुकमाखाली इतर जातींचे शिपाई राहणार नाहीत, हाही हिशेब त्यामागे होता. दार इंग्रजाने लावले. कडी आतून घातलेली होती. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखा अपवाद होता. बंदीविरुद्धचा अर्ज लिहिण्यासाठी रामजींनी त्यांचे साहाय्य घेतल्याचे चरित्रकार सांगतात. पण अपवाद तो अपवादच.

बंदी आली तशी त्या समाजातून अर्जांची एक परंपरा सुरू झाली. तिचा इतिहास शालेय पुस्तकांत फारसा सापडत नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदार दापोलीस स्थायिक झाले होते. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून धर्मपंडितांना प्रश्न विचारले. पुढे त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ ही संस्था काढली आणि १८९४ मध्ये सैन्यभरतीसाठी सरसेनापतींकडे करावयाचा अर्ज तयार केला. या अर्जात एक विलक्षण गोष्ट आहे. महार हे मूळचे क्षत्रिय; दुर्गादेवीच्या भीषण दुष्काळात मृतमांस खावे लागल्यामुळे ते पतित ठरविले गेले, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे एकाच माणसाच्या लेखणीतून एकीकडे ‘अनार्य’ हा बाणा आणि दुसरीकडे क्षत्रियत्वाचा दावा! तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात विसंगती दिसेल. तशी ती आहेच. परंतु ज्याला सांगण्यात आले आहे की तुझे रक्तच हलके, तो माणूस रक्ताविषयीच बोलू लागतो. आरोप ज्या भाषेत, जबाबही त्याच भाषेत.

हे वंशाभिमानाचे खूळ केवळ त्यांच्याच डोक्यात होते काय? लोकमान्यांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. वैदिक आर्यांचे आदिस्थान उत्तर ध्रुवप्रदेशात होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. लोकमान्यांची विद्वत्ता आणि तुरुंगातही न थांबलेली त्यांची ज्ञानसाधना यांविषयी वाद नाही. पण चित्र मात्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. पुण्याच्या पेठांतील सुशिक्षित समाज ज्या काळात आपले पूर्वज ध्रुवापर्यंत शोधत होता, त्याच सुमारास तेथून दहा कोसांच्या आत सासवडला ५१ गावांतील महार मंडळी जमून सरकारकडे शिपायाची नोकरी मागत होती. आपापल्या पूर्वजांचा अभिमान दोघांनाही होता. एकाचा अभिमान ग्रंथालयात पोहोचला, दुसऱ्याचा अर्जाच्या बासनात.

सासवडच्या सभेमागील माणूस पुण्याच्या लष्कर भागातील होता. शिवराम जानबा कांबळे हे त्यांचे नाव. जन्म १८७५. साहेबांच्या बंगल्यात बटलरचे काम करीत त्यांनी वाचन वाढविले, ‘श्री शंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज’ स्थापन केला आणि १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. या नावांकडे नीट पाहावे. शंकराचा प्रसाद आणि सोमवंश! हे नाव परधर्मातून आलेले नाही, परदेशातून आलेले नाही. आम्ही चंद्रवंशी आहोत, या मातीतील सर्वांत जुन्या कथांत आमचे मूळ आहे, असे ते सांगते. ज्यांना दूर लोटले तेच नाते सांगत होते आणि ज्यांनी नाते सांगावयाचे ते सोवळे सांभाळत होते. खंडोबाला मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध याच मासिकातून कांबळे यांनी मोहीम चालविली. अभिमान बाळगणारा माणूस स्वतःच्या घरातील दोषाकडे डोळेझाक करतोच असे नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

सासवडच्या अर्जावर दीड हजारांहून अधिक सह्या होत्या. त्याला यश आले नाही. म्हणून १९१० मध्ये कांबळे यांनी थेट भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज धाडला. मागणी काय होती? राज्य नव्हे, राखीव सिंहासन नव्हे. सरकारी खात्यांतील खालच्या जागा, पोलिसांतील शिपाईगिरी आणि सैन्यातील भरती. आम्ही कोणाहून जन्मतः हीन नाही आणि या देशाच्या कारभारात आमचाही लहानसा वाटा आहे, एवढेच त्यात सांगितले होते. त्याच अर्जातील एक मुद्दा हिंदू वाचकाच्या जिव्हारी लागावा असा आहे. महार ख्रिस्ती झाला की तत्क्षणी त्याचा सामाजिक दर्जा उंचावतो, मग तो न होताही न्यायाच्या बळावर तसे का घडू नये, असा त्याचा आशय. धर्मांतराच्या प्रश्नावर व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते. मिशनऱ्यांची आमिषे, परकीय पैसा, भोळा समाज हे सारे त्यात येते. कांबळे यांनी १९१० मध्येच विचारलेला प्रश्न त्यात क्वचित येतो. तो माणूस धर्म सोडण्याची धमकी देत नव्हता. धर्मात राहूनच माणूस म्हणून जगता येईल काय, असे विचारीत होता. त्यासाठी त्याला दाद मागावी लागली ती लंडनमधील एका उमरावाकडे.

जगात अन्यत्रही हाच प्रश्न विचारला गेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धात निग्रो गुलामगिरीविरुद्ध लढणारे फ्रेडरिक डग्लस यांचे म्हणणे होते की काळ्या माणसाच्या अंगावर एकदा राष्ट्राचा गणवेश चढला की त्याचे नागरिकत्व नाकारण्याची ताकद पृथ्वीवर कोणाला नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तो उगीच नव्हे. तरीही अमेरिकेच्या सैन्यात काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या वेगळ्या पलटणी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत होत्या. त्या मोडण्याचा आदेश अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ मध्ये काढला. गणवेशाची मागणी ही सर्वत्र पोटाची मागणी असते, हे खरे. पण ती त्याहून अधिक काहीतरी असते. देशासाठी मरण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याला देश आपला म्हणण्याचा अधिकार तरी कोण देणार?

हिंदुस्थानात सरकारला महार सैनिक आठवला तो गरज पडल्यावर. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ पर्यंत ती मोडलीही. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुन्हा लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी झाली. पन्नास वर्षे लागली. गोपाळबाबा वलंगकर १९०० मध्येच निघून गेले होते. 

दरम्यान बाबासाहेबांनी या साऱ्या वंशविद्येचा निकालच लावला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांची तीच आकडेवारी पुढे घेतली आणि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशाचा भेद नाही. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये या मालवणकडच्या समाजशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा. १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथातही आर्य आक्रमणाचा सिद्धान्त त्यांनी फेटाळला होता.

बौद्धिक वर्गांतून हे संदर्भ नेहमी दिले जातात आणि दिले जावेतही. मात्र बहुधा ते अर्धेच दिले जातात. बाबासाहेबांनी वंशभेद नाकारला म्हणजे समाज मुळात एकच आहे, येथे टाळ्या होतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. बाबासाहेबांचे प्रतिपादन तेथे संपत नाही. रक्त वेगळे असते तर निदान एक सबब तरी होती. रक्त एकच असताना शिवाशिव पाळली गेली, याचा अर्थ ती माणसांनी जाणूनबुजून घडविली आणि माणसांनीच ती मोडली पाहिजे. वंश एक असल्याची ग्वाही हे समतेचे प्रमाणपत्र नव्हे; तो उलट अधिक कठोर आरोप आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते हा आरोप दीर्घकाळ अनुत्तरित राहिल्यामुळे घडले.

पुण्याला तर या अनुत्तरित आरोपाचा वेगळा दाखला शोधण्याची गरज नाही. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी याच शिवराम जानबा कांबळे यांनी पां. ना. राजभोज प्रभृतींसह पर्वतीच्या देवदर्शनासाठी सत्याग्रह केला. एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण तरुण त्यांच्या सोबत होते. वर दगड पडले. देव मात्र त्यांना दिसला नाही. सोमवंशाचे आणि शंकराचे नाव लावणारा माणूस शंकराच्या पायरीवरून परत फिरला.

एवढा पूर्वेतिहास डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे मांजरीपासून वीसेक किलोमीटरवर, भीमेच्या काठी, दर वर्षी १ जानेवारीला जमणाऱ्या गर्दीचा अर्थ थोडा वेगळा दिसू लागतो. कोरेगावच्या स्तंभाविषयी हिंदुत्वनिष्ठ वर्तुळात एक अस्वस्थता आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. इंग्रजांच्या विजयाचा उत्सव स्वतंत्र भारतात कशासाठी, असा प्रश्न केला जातो. १८१८ च्या त्या लढाईत दोन्ही बाजूंना अनेक जातींचे, अनेक प्रांतांचे सैनिक होते. पेशव्यांच्या बाजूने अरब लढले आणि कंपनीच्या बाजूने पडलेल्यांत महारांखेरीज इतरही होते. हे सर्व खरे आहे आणि अभ्यासकांनी ते अवश्य मांडावे. पण प्रश्न लढाईचा नाहीच. तो स्तंभाचा आहे.

त्या स्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली जी नावे कोरली आहेत, ती एका समाजाच्या हातातील एकमेव सरकारी पुरावा होती. कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे सभा घेतल्या त्या इंग्रजांचे पोवाडे गाण्यासाठी नव्हे. आम्हाला भ्याड ठरवून भरती बंद करता, तर तुम्हीच उभारलेल्या या दगडावर ही नावे कोणाची, हा जाब विचारण्यासाठी. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले ते याच परंपरेत. इंग्रजांनी या सैनिकांचे रक्त वापरले आणि पाऊणशे वर्षांनी त्यांच्याच नातवंडांना दारातून परत पाठविले, मग हा स्तंभ इंग्रजांच्या कौतुकाचा कसा ठरेल? तो त्यांच्या कृतघ्नतेची नोंद आहे, आणि स्वकीयांच्या मौनाचीही. अर्जाला जोडलेल्या कागदावर कोणी फुले वाहत असेल, तर त्याला देशद्रोही म्हणण्यापूर्वी मूळ अर्ज वाचलेला बरा.

२०१८ च्या १ जानेवारीला तेथे आणि आसपास जे घडले, त्यात एका तरुणाचा जीव गेला आणि असंख्य कुटुंबांची वाताहत झाली. कोणी चिथावले, कोणी दगड मारले, हा चौकशीचा आणि न्यायालयांचा विषय. त्या दिवसाचे भांडवल करणारे दोन्ही बाजूंना होते आणि आहेत; समाज जितका दुभंगेल तितके त्यांना हवे आहे. परंतु चिथावणी पेटते ती सुक्या गवतावर. ते गवत कोणी वाळवले, हा प्रश्न न्यायालयात सुटणारा नाही.

अस्पृश्यतेविषयी तिसरे सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत नि:संदिग्ध भूमिका घेतली. अस्पृश्यता ही चूक नसेल तर मग जगात काहीच चूक म्हणता येणार नाही, असे त्यांनी श्रोत्यांना बजावले. १४ एप्रिल १९८३ रोजी पुण्यातच सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. वस्त्यांतून अभ्यासिका, वसतिगृहे, आरोग्यकेंद्रे उभी राहिली. अनेक कार्यकर्त्यांनी उमेदीची वर्षे त्यात घातली. याविषयी आदर आहेच. तरीही एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांच्यात, कितीही आपुलकी असली, तरी एक पायरी उरते. कांबळे यांच्या अर्जात सेवेची मागणी नव्हती. मागणी होती ती कामाची, जबाबदारीची आणि जागेची. एकत्र भोजन झाले, रक्षाबंधन झाले, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला गेला. पण उत्सव समितीचा खजिनदार कोण? सोसायटीचा सचिव कोण? मंदिराच्या विश्वस्तांत कोणाची नावे? मुलाच्या लग्नाचे बोलणे कोणत्या उंबरठ्यापर्यंत जाते? या प्रश्नांची उत्तरे निमंत्रणपत्रिकेवरील नावांत सापडतात, भाषणांत नव्हे.

मांजरीसारख्या परिसरात हे प्रश्न नव्या रूपात येतात. येथील नव्या इमारतींत जात विचारली जात नाही, असे समाधान मानले जाते. घर भाड्याने देताना आडनाव मात्र विचारले जाते आणि आडनावावरून काम भागले नाही तर गाव विचारले जाते. जुन्या गावठाणात निदान कोणाचे घर कोठे हे उघड होते; नव्या संकुलात ते विनम्र शब्दांत गुंडाळलेले असते. महार वतनाच्या ज्या जमिनी शहराच्या वाटेत आल्या, त्यांच्या मूळ वतनदारांची नातवंडे आज कोठे आहेत, याची विचारपूस करण्याइतके कुतूहल कोणालाही असत नाही. शिवेचा दगड न्‌ दगड ज्यांना पाठ होता, त्यांना त्याच शिवेत दोन खोल्या घेणे परवडत नसेल, तर विकासाच्या हिशेबात कोठेतरी चूक आहे.

वास्तविक मांजरीकरांना या प्रश्नाची चव नुकतीच घेता आली आहे. जून २०२१ मध्ये ग्रामपंचायत गेली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेतील नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत, साडेचार वर्षे, समाविष्ट गावांतील माणसाला आपला म्हणून निवडलेला एकही प्रतिनिधी सभागृहात नव्हता. कर भरावयाचा होता. निर्णय दुसरीकडे होत होते. रस्ता, पाणी, सांडपाणी यांसाठी अर्ज करावयाचे आणि वाट पाहावयाची. गावातील मातब्बर घराण्यांनाही त्या काळात एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलापुढे उभे राहावे लागले. आम्हाला कोणी विचारीतच नाही, हे वाक्य चहाच्या टपरीवर रोज ऐकू येत असे. त्यातील संताप अगदी रास्त होता. साडेचार वर्षांत तो अनावर झाला.

महार रेजिमेंटमध्ये आज अनेक प्रांतांचे आणि अनेक जातींचे जवान एकत्र आहेत. तिच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मध्ये श्रीलंकेतील मोहिमेत वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते तमिळ होते. रेजिमेंटची युद्धघोषणा ‘बोलो हिंदुस्तान की जय’ अशी आहे. या घोषणेत कोणत्याही वंशाचे नाव नाही, सोमवंशाचेही नाही. वलंगकरांनी क्षत्रियत्वाचा आणि कांबळे यांनी चंद्रवंशाचा आधार घेतला, तो जागा मिळेपर्यंत. जागा मिळाली, तेव्हा तो आधार त्यांच्या वंशजांनी आपणहून खाली ठेवला. ज्यांना जागा कधी मागावीच लागली नाही, त्यांच्यातील कित्येकांच्या हातून मात्र तो अद्याप सुटलेला नाही. लग्नपत्रिकांतील कुळी, गाड्यांच्या मागच्या काचांवरील जातींची नावे आणि समाजमाध्यमांवरील तलवारी पाहिल्या म्हणजे हे ध्यानात येते.

येत्या १ जानेवारीलाही मांजरीच्या पुलावरून निळे झेंडे लावलेल्या गाड्या वाघोलीकडे जातील. त्यांत आजी असतील, पहिल्यांदाच नवा सदरा घातलेली मुले असतील, सैन्यातून निवृत्त झालेले आणि छातीवर पदके लावलेले म्हातारेही असतील. त्या पुलाच्या अलीकडे पाण्याचे पिंप ठेवून उभे राहणाऱ्यांत गावठाणातील किती घरांची मुले असतील, हे त्या दिवशी दिसेल. आणि पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा भरली, की सचिवपदासाठी कोणते आडनाव सुचविले जाते, हेही दिसेल.